मोबाईल बंद पडला तरी घर अडू नये : काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

मोबाईलचा नाद कमी करायला निघालेली माणसं बहुतेक एकाच जागी आपटतात. सोमवारी सकाळी ठरतं, आजपासून फोन कपाटात. दहाला गॅसवाला ओटीपी मागतो. अकराला दुकानदार ‘स्कॅन करा’ म्हणतो. दुपारी सेतू केंद्रावर आधारचा ओटीपी लागतो, आणि दिवस मावळायच्या आत फोन पुन्हा हातात. वर ‘हे आपल्याच्यानं होत नाही’ असा शिक्का. यात मन खंबीर असण्या-नसण्याचा संबंध थोडा आहे. पैसे, कागद, नंबर, शेतातली पाण्याची मोटार, हिशोब, रस्ता असं सगळं आपण एका खुंटीला टांगलंय आणि सुरुवात खुंटी उपटण्यापासून करतोय.

इथं क्रम उलटवून दिलाय. आधी प्रत्येक कामाला दुसरी वाट, मग एक दिवस परीक्षा, आणि सवय कमी करणं सगळ्यात शेवटी. थोडी शेती असलेलं, एखादा पोरगा पुण्याकडं कामाला गेलेलं मराठवाड्यातलं घर डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय. शहरातल्यांनी मोटारीचा टप्पा वगळावा, बाकी सगळं त्यांनाही तसंच लागू आहे.

## तयारी : दिवस, माणसं, सामान

हे काम सुगीत काढू नका. सोयाबीन काढणीला आलंय, मळणीयंत्रवाल्याचा फोन कधीही येईल, अशा दिवसांत घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. मे महिना बरा, नाहीतर रब्बीची पेरणी उरकल्यावर. मे बरा म्हणायला अजून एक कारण आहे. पुढं पावसाळा असतो आणि लाईट व टॉवर दोन्ही एकदम जाण्याचे दिवस तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना, सिंदफणा आणि गोदावरीला पूर आले, ते दिवस आठवा. चार्जिंगला लाईट नसली की फोनमधले नंबर फोनबरोबरच झोपतात.

बसताना घरातली सगळी माणसं बसवा. घर जिच्या हातात आहे ती बाई तर हवीच. यूपीआय नवऱ्याच्या फोनमध्ये, गॅसचा नंबर दिराचा, शाळेचा निरोप जावेच्या ग्रुपवर, हा सगळा गुंता बहुतेक घरांत तिलाच ठाऊक असतो.

सामान फार नाही. एक शंभर पानी वही, साधे बॉलपेन (जेल पेनाची शाई पाणी लागलं की पसरते), प्लास्टिकचे दोन फोल्डर, गजराचं घड्याळ, एक बॅटरी, आणि जमलं तर सेलवरचा छोटा रेडिओ. वही नवीच घ्या. पोरांच्या जुन्या वहीतली उरलेली पानं वापरली की वर्षाअखेरीस ती रद्दीवाल्याकडं जातात.

## टप्पा १ : तीन दिवस नुसतं लिहा

फोन कमी करायचा नाही. नेहमीसारखा वापरायचा, फक्त हातात घेतला की वहीत एक ओळ टाकायची. डावीकडं काम, उजवीकडं ‘फोन नसता तर काय केलं असतं’. तीन दिवसांनी पान काहीसं असं दिसतं :

पहाटे पाचचा गजर — घड्याळ नाही.
मामाला फोन — नंबर पाठ नाही.
तुरीचा भाव बघितला — आडत्याला विचारला असता.
किराण्याचे २४० रुपये दिले — खिशात तेवढे नव्हते.
मोटार चालू केली — शेतात जावं लागलं असतं.
फोन उघडला — कशाला ते आठवत नाही.

उजवीकडं उत्तर आहे त्या ओळी सोडून द्या, तिथं तुम्ही अडत नाही. जिथं उत्तर नाही त्या ओळींवर फुली मारा. टप्पा २ ते ७ त्या फुल्यांसाठी आहेत. ‘कशाला ते आठवत नाही’ अशा ओळींना गोल करा आणि नवव्या टप्प्यापर्यंत त्यांच्याकडं ढुंकूनही बघू नका. फोनमध्ये दिसणारा स्क्रीन टाईमचा आकडा इथं उपयोगाचा नाही. तो किती वेळ गेला ते सांगतो, कशावाचून अडतं ते सांगत नाही.

तपासा : प्रत्येक मोठ्या माणसाचं वेगळं पान झालं का? ‘मी फोन वापरतच नाही’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचंही पान हवं. ते स्वतः वापरत नसतील, पण त्यांचं रेशन, पगार (पेन्शन), गोळ्या नातवाच्या फोनवर चालतात.

## टप्पा २ : नंबर कागदावर आणि डोक्यात

पाच नंबर पाठ पाहिजेत. घरातले दोन, बाहेरगावी असलेल्या पोराचा किंवा पोरीचा, शेजाऱ्याचा, आणि एक अशा नातेवाईकाचा जो फोन उचलतोच. दहा आकडे सलग पाठ होत नाहीत, पाच-पाच पाडून म्हणा. पोरांना पाढ्याबरोबर म्हणायला लावले की आठवड्यात होतात.

बाकीचे वहीच्या पहिल्या दोन पानांवर. नंबर ज्या नावानं फोनमध्ये ठेवलाय ते नाव जसंच्या तसं उतरवू नका. ‘मोटार नवीन २’ हे तुम्हाला कळतं, बायकोला नाही. पूर्ण लिहा : कोण, कशासाठी, कोणत्या गावचा. वायरमन, मोटार बांधणारा, डॉक्टर, जनावरांचा डॉक्टर, गाडीवाला, आडत्या, शाळा, बँकेची शाखा, गॅस एजन्सी. त्याखाली मोठ्या अक्षरात : ११२ पोलीस व कोणतीही तातडी, १०८ रुग्णवाहिका, १९१२ महावितरण, १९३० पैशांची ऑनलाईन फसवणूक.

या पानाच्या तीन झेरॉक्स काढा. एक दाराच्या आतल्या बाजूला, एक मोटारसायकलच्या डिक्कीत पिशवीत घालून, एक शेतातल्या आखाड्यावर.

इथं एक गोष्ट हमखास राहते. नंबर पाठ असूनही फोन लागत नाही, कारण परक्या नंबरवरून आलेला फोन आजकाल कुणी उचलत नाही, आणि फसवणुकीच्या भीतीनं उचलू नये असंच आपण घरच्यांना शिकवलंय. म्हणून घरात एक खूण ठरवा. परक्या नंबरवरून दोनदा मिस कॉल आला आणि लगेच तिसऱ्यांदा रिंग वाजली तर उचलायचा. पण नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. ‘पैसे पाठव’ असं कुणी म्हटलं तर घरातल्यांनाच माहीत असलेला एक प्रश्न विचारायचा.

तपासा : शेजाऱ्याचा फोन मागून घ्या, कागद न बघता घरी लावा.

## टप्पा ३ : पैशांच्या चार वाटा

सगळ्यात जास्त अडतं ते इथं, म्हणून हा टप्पा घाईनं उरकू नका.

पहिली वाट रोख. किती ठेवायची, हा आकडा दुसऱ्याच्या घरावरून घेऊ नका. तीन गोष्टी जोडा : दोन दिवसांचा घरखर्च, रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात जायचं गाडीभाडं व तिथं भरायची पहिली रक्कम, आणि एकदाचं पेट्रोल. जी बेरीज येईल तेवढी घरात कायम. सगळी पाचशेच्या नोटांत ठेवली तर उपयोग अर्धाच. निम्मी शंभर-दोनशेत आणि थोडी पन्नास, वीस, दहात हवी, कारण सगळ्यांनी स्कॅनर लावल्यापासून दुकानदाराकडंच सुट्टे नसतात. दोन जागी ठेवा आणि जागा घरातल्या दोघांना माहीत असू द्या. यातून किराणा आणला तर वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात भरून काढा. ही रक्कम बहुतेक घरांत महिन्याभरात नाहीशी होते ती चोरीनं नाही, अशीच.

दुसरी वाट एटीएम कार्ड. यूपीआय आल्यापासून ते पेटीत पडलेलं असतं. काढा आणि मुदत बघा. मग प्रत्यक्ष एटीएमला जाऊन थोडे पैसे काढा. पिन आठवतोय असं वाटणं आणि पिन आठवणं यात फरक आहे, आणि तो एटीएमसमोरच कळतो. पिन कार्डावर किंवा कार्डाच्या पाकिटावर लिहू नका. हे सांगून सांगून कंटाळा आला, तरी लोक लिहितात.

तिसरी वाट अंगठा. गावातल्या बँक मित्राकडं किंवा पोस्टात, आधार खात्याला जोडलेलं असेल तर बोट लावून पैसे निघतात, फोन लागत नाही. अडचण बोटांची आहे. कापूस वेचून, ऊस तोडून, भांडी घासून रेषा झिजतात आणि ऐन गरजेला मशीन ‘जुळत नाही’ म्हणतं. म्हणून गर्दी नसलेल्या दिवशी जाऊन वेगवेगळी बोटं लावून बघा. जे उमटतं ते वहीत लिहा : ‘आई, डाव्या हाताचं मधलं बोट’. हात धुऊन, कोरडे करून जा.

जपून : बोट लावण्याआधी पडद्यावरची रक्कम वाचून घ्या, पावती मागा. ‘उमटलं नाही, परत लावा’ असं झालं तर त्याच दिवशी पासबुक भरून पैसे दोनदा गेले नाहीत ना ते बघा.

चौथी वाट *९९#, म्हणजे फोनवर हा क्रमांक लावून मेनूतून पैसे पाठवणं. बटणाच्या फोनवरूनही चालते, इंटरनेट लागत नाही, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. मात्र बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, आणि टॉवर हवाच. मेनू लांबलचक आहे आणि विचार करत बसलं की तुटतो. घरी बसून दहा रुपये पाठवून सराव करा, आणि कोणत्या पानावर कोणता आकडा दाबायचा ते क्रमानं वहीत उतरवा.

या चारांत रोख आणि कार्ड प्रत्येक घरात हवंच. उरलेल्या दोनांतली एक तरी चालू ठेवा.

जपून : सराव करताना घरातल्या नवख्या माणसाला पहिलं वाक्य हे शिकवा : पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे येतील, पिन टाका’ म्हणणारा चोर आहे. टाकलाच असेल तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, मग बँकेला.

तपासा : एक अख्खा आठवडी बाजार रोखीनं करा, आणि घरी आल्यावर खर्च कागदावर जुळवा. पहिल्या बाजाराला जुळत नाही.

## टप्पा ४ : कागद

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे कागद जपून ठेवला असं नव्हे. फोन गेला की तो गेला, आणि असला तरी चारशे फोटोंत शोधताना मागची रांग ओरडते.

एका फोल्डरमध्ये अस्सल, दुसऱ्यात झेरॉक्स. दोन्ही एका पेटीत ठेवू नका. झेरॉक्सच्या फोल्डरमध्ये सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, गाडीचे कागद, विम्याचा कागद, ७/१२ आणि ८-अ, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि एका कागदावर सगळ्यांचे रक्तगट. ७/१२ घेताना बघून घ्या. संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी असतो. कार्यालयात आणि बँकेत डिजिटल सहीचा लागतो, त्याची फी १५ रुपये आहे.

एक लहान गोष्ट, पण मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) भांडणाला कारण होते. वजनकाट्यावर आणि एटीएमवर मिळणारी गुळगुळीत कागदाची पावती उन्हात, खिशातल्या घामात पुसट होत जाते. जपायची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

जपून : जमिनीचे अस्सल कागद आणि मार्कशीट लॅमिनेट करू नका. पुढं कुणाला शिक्का किंवा सही लागली तर अडचण होते. आणि हॉटेल, सिम दुकान अशा ठिकाणी आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या.

## टप्पा ५ : सिम आणि ओटीपी

फोन बदलता येतो, चार दिवस फोनविना राहताही येतं. खरी नाळ सिमकार्डाशी आहे, आणि बहुतेक घरांना आपलं कोणतं काम कोणत्या सिमवर आहे तेच माहीत नसतं.

वहीत आडवं पान घ्या. डावीकडं घरातल्या माणसांची नावं, वर रकाने : आधार, बँक, गॅस, रेशन, शेतकरी ओळख क्रमांक. प्रत्येक चौकटीत नंबर भरा. भरताना दोन गोष्टी समोर येतील. एक, अख्ख्या घराचे ओटीपी चाकणला कंपनीत असलेल्या पोराच्या नंबरवर जातात, आणि त्याची पाळी सुरू असताना त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. दोन, कुणाच्या तरी आधारला असा नंबर आहे जो आता चालूच नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडं फार घडते. ऊसतोडीला सहा महिने गेलं की घरचं सिम रिचार्जविना पडून राहतं, तिकडं नवं घेतलं जातं. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि काही काळानं तो दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. मग तुमच्या खात्याचे निरोप त्याच्याकडं. जाण्याआधी ते सिम मागं राहणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये घाला आणि लहानसा रिचार्ज चालू ठेवा.

नंबर बदलायचाच असेल तर क्रम असा. आधी आधार केंद्रावर जाऊन आधारचा नंबर बदला. तो बदलल्याचा निरोप आला की बँक. मग गॅस, रेशन, बाकीचं. प्रत्येक ठिकाणी नव्या नंबरवर ओटीपी येतोय हे डोळ्यानं बघा. सगळं झाल्यावरच जुनं सिम सोडा. लोक नेमकं उलटं करतात, आधी सिम फेकतात आणि मग जुन्या नंबरवरचा ओटीपी मागितला की बँकेच्या पायऱ्या चढतात-उतरतात.

आता फोन हरवला किंवा चोरीला गेला तर काय, तेही याच पानामागं लिहून ठेवा. फोन गेल्यावर डोकं चालत नाही, कागद चालतो. त्यासाठी आजच *#०६# दाबून येणारे आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचे स्वतःचे ओळख क्रमांक, उतरवून ठेवा. मग क्रम :

१. दुसऱ्याच्या फोनवरून सिम कंपनीला सांगून सिम बंद. फोनची काळजी नंतर, कारण ओटीपी सिमवर येतो.
२. बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद.
३. पोलिसांत तक्रार, तिची प्रत घ्या.
४. त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम.
५. तक्रारीची प्रत आणि आयएमईआय घेऊन सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक. सेतू केंद्रावर करून मिळेल.

जपून : डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे ओटीपीही नाही. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. हे फसवणूक रोखण्यासाठी आहे, दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. त्या दिवसांत तिसऱ्या टप्प्यातली रोख कामाला येते.

## टप्पा ६ : मोटार आणि स्टार्टर

मोबाईलवरून मोटार चालू करता येते ही सोय मोठी आहे. रात्रीच्या पाळीची थ्री फेज लाईट असली की अंधारात, विंचू-काट्यातून शेतात जावं लागत नाही. हे सोडा असं मी म्हणणार नाही. पण महिनोन्महिने विहिरीकडं कुणी फिरकलंच नाही की पाईप फुटलेला कळत नाही, उन्हाळ्यात बोअरचं पाणी तुटलेलं कळत नाही, आणि मोटार कोरडी फिरत राहते.

आठवड्यातून एकदा, दिवसा, हातानं चालू करा. दोन मिनिटं थांबून अँपिअर मीटर बघा आणि आकडा वहीत टाका. दोन-तीन आठवड्यांत तुमच्या मोटारीचा नेहमीचा आकडा कळेल. तो बराच खाली आला तर पाणी तुटतंय. वर गेला तर व्होल्टेज कमी आहे किंवा मोटार कशात तरी अडकतेय. बंद करा आणि माणूस बोलवा. ड्राय रनपासून (कोरडं फिरण्यापासून) वाचवणारं उपकरण स्टार्टरला नसेल तर ते बसवून घ्या, मोटार बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

साधा ऑटो स्विच असेल तर तो काढा. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात आणि रोहित्रावर भार येतो. रोहित्र जळालं की नवं येईपर्यंत सगळ्यांचीच पिकं वाळतात. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण दरवर्षी सांगत असतं.

जपून : ओल्या हातानं, अनवाणी स्टार्टर उघडू नका. डीपीवरचा फ्यूज टाकणं वायरमनचं काम आहे, कितीही घाई असली तरी.

तपासा : घरातल्या दुसऱ्या माणसाला मोटार हातानं चालू-बंद करता येते का? मोबाईल स्टार्टरच्या सिमचा रिचार्ज कधी संपतो ते कुणाला माहीत आहे?

## टप्पा ७ : डोक्यानं करायची कामं

सगळी एकदम शिकायला जाऊ नका. पहिल्या टप्प्यात ज्यावर फुली आलीय तेवढीच घ्या.

हिशोब. मोंढ्यात पट्टी (आडत्याचा हिशोबाचा कागद) हातात आल्यावर जागेवरच ताळा घेता आला पाहिजे. १२ क्विंटल ४० किलो माल, भाव ४,३५०. आधी पूर्ण क्विंटल : बारा गुणिले ४,३५० म्हणजे ५२,२००. मग दहा किलो म्हणजे भावाचा दहावा हिस्सा, ४३५. चाळीस किलोचे त्याच्या चौपट, १,७४०. बेरीज ५३,९४०. त्यातून हमाली, तोलाई वजा. कॅल्क्युलेटर फोनमध्ये असतोच, पण आधी तोंडी करा आणि मग त्यावर पडताळा. उलट क्रमानं केलं तर बोट चुकलेलं कळत नाही.

रस्ता. नकाशा जवळची वाट दाखवतो, ती पाणंद असू शकते. काळ्या मातीतल्या पाणंदीवर पावसात मोटारसायकल घातली की चिखल मडगार्डमध्ये भरून चाकच फिरत नाही, आणि नकाशाला ते ठाऊक नसतं. निघण्याआधी वाटेतली गावं क्रमानं लिहा. परभणीहून अंबाजोगाईला : गंगाखेड, परळी, मग अंबाजोगाई. फाट्यावर हॉटेलवाल्याला ‘रस्ता चालू आहे का’ एवढं विचारा.

वीज. पडणाऱ्या विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप चांगलं आहे, ठेवा. पण शेतात रेंज नसते. वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत साधारण तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही, आणि पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. हे पोरांना आणि गड्यांना तोंडपाठ हवं.

हवामान आणि वेळ. गजराला घड्याळ घ्या, विषय संपला. हवामानासाठी रेडिओवरच्या बातम्या, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला वर्तमानपत्रांत येतो तो.

## टप्पा ८ : परीक्षेचा दिवस

लोक रविवार निवडतात आणि खूश होतात. रविवारी बँक बंद, शाळा बंद, मोंढा बंद, म्हणजे अडण्यासारखं काही घडतच नाही. तुमच्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस घ्या. त्या दिवशी पैसे, माणसं, प्रवास सगळं एकदम येतं.

आदल्या दिवशी आडत्याला, शाळेला, बाहेरगावच्या पोरांना सांगा की उद्या फक्त या एका नंबरवर फोन करा. घरातला एक साधा फोन चालू ठेवायचा, तो फक्त आलेले फोन घेण्यासाठी. बाकीचे सकाळी सहाला बंद करून पेटीत, रात्री आठला बाहेर. घरात आजारी माणूस असेल, कुणी बाळंतपणाला आलेलं असेल तर हा दिवस पुढं ढकला.

दिवसभरात जिथं अडलं ते वहीत लिहा आणि त्यातलं एकच दर आठवड्याला दुरुस्त करा. ‘पास झालो की नापास’ अशी चर्चा करू नका. अडलेल्या ओळींची यादी हेच या दिवसाचं पीक. महिन्यानं पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी यादी अर्ध्यावर आली नाही तर बहुतेक तिसरा किंवा पाचवा टप्पा कच्चा राहिलाय, तिकडं परत जा.

## टप्पा ९ : आता सवय

आता वहीत गोल केलेल्या ओळी काढा. इथवर आल्यावर फोन बाजूला ठेवणं सोपं जातं, कारण ‘काही महत्त्वाचं आलं असेल’ ही धाकधूक उरत नाही. जे महत्त्वाचं आहे त्याला दुसरी वाट झालेली असते.

चार्जर झोपायच्या खोलीतून उचलून बैठकीत न्या. हा एकच बदल केला तरी रात्रीचे अर्धे गोल पुसले जातात. गजराचं घड्याळ घेतलेलं असल्यामुळं ‘गजरासाठी उशाला लागतो’ ही सबबही गेली. मग ग्रुपचे आवाज बंद करा. सुप्रभात, भावकी, पक्ष, गावकरी, सगळे. शाळेचा आणि पाण्याच्या पाळीचा तेवढा चालू ठेवा. जेवताना फोन नाही हा नियम मोठ्यांपासून लावा. बाप ताटावर रील बघत असेल तर पोराला सांगण्यात अर्थ नाही.

लहान लेकरांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला स्पष्ट आहे : दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा नाहीच, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही. घास भरवण्यासाठी फोन लावायची सवय मोडायची असेल तर ती दुपारच्या एका जेवणापासून मोडा. चार दिवस अर्धपोटी उठेल, रडेल, घरातले चार जण तुम्हाला नावं ठेवतील. तरी संध्याकाळचं जेवण त्याच आठवड्यात धरू नका.

पोराच्या हातातून फोन घेतला तर हातात दुसरं काहीतरी पडलं पाहिजे : बॉल, वासराची दोरी, दुकानाची चिठ्ठी आणि मोजून पैसे. रिकाम्या हाताचं पोर तासाभरात शेजारच्या घरी फोन बघत बसलेलं सापडतं.

कुणाचा फोन काढायचा नाही, तेही सांगतो. शेतवस्तीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा. ऐकू कमी येणाऱ्याचा, ज्याचं बोलणंच मेसेजवर चालतं. आणि घरातल्या ज्या बाईचा माहेरशी संबंध त्या एका फोनवर आहे, तिचा तर मुळीच नाही. फोन लांब ठेवताच एखाद्याची झोप उडत असेल, राग हाताबाहेर जात असेल, पैशाच्या गेममध्ये रक्कम अडकलेली असेल, तर ते वहीनं सुटणारं काम नाही. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं.

## वर्षातून दोनदा

वही एकदा लिहून माळ्यावर टाकली की वर्षात खोटी होते. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा उघडा. बदललेले नंबर खोडून नवे लिहा आणि दारावरचा कागद बदला. एटीएम कार्डाची मुदत बघा, बॅटरी आणि रेडिओचे सेल काढून पुसून घाला, फोल्डरमधला ७/१२ जुना झाला असेल तर नवा घ्या, रोख मोजा. सिमच्या पानावर प्रत्येक नंबर लावून बघा, आणि जो लागत नाही त्याच्यासाठी पाचव्या टप्प्यातला क्रम त्याच आठवड्यात सुरू करा.